बाकावरची पोरं मैदानात कधी उतरवायची?

नांदेड-लातूरच्या फुटबॉल प्रशिक्षकांसाठी, क्रीडाशिक्षकांसाठी, आयोजकांसाठी आणि पालकांसाठी

सोळा संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत सामने होतात पंधरा. आठ संघ पहिल्या सामन्यातच बाहेर पडतात, आणखी चार संघांना दुसऱ्या सामन्यानंतर घरी जावं लागतं. आपल्याकडच्या शालेय स्पर्धा याच पद्धतीने होतात. तालुका, मग जिल्हा, मग विभाग अशी चढण असते आणि बहुतेक शाळांची वाट जिल्ह्यातच संपते. म्हणजे संघातल्या पहिल्या अकरा जणांनाही वर्षाकाठी दोन-तीनच सामने मिळतात. मग बाराव्यापासून अठराव्यापर्यंतच्या पोरांचं काय? ती किट घालून येतात, ग्रुप फोटोत उभी राहतात आणि एक मिनिटही न खेळता त्यांचं वर्ष संपतं. पुढच्या वर्षी त्यांच्यातली निम्मी दिसत नाहीत, आणि आपण म्हणतो, पोरांना आवडच नव्हती.

“तयार झाला की खेळवू” हे वाक्य प्रत्येक ग्राउंडवर ऐकू येतं. अडचण अशी की खेळवल्याशिवाय पोरगा तयार होत नाही. पास कसा द्यायचा हे सरावात शिकता येतं. पण पाठीवर डिफेंडर धावून येतोय, रेफ्रीने शिट्टी वाजवलेली नाही, आपले सिनिअर ओरडतायत, अशा वेळी तो पास कधी द्यायचा हे सामन्यातच कळतं. मुख्य संघातून खेळायला मिळालेली मिनिटं ही चांगल्या खेळाडूचं बक्षीस नसून त्याचा खुराक आहे, हे एकदा मान्य केलं की पुढचं सगळं नियोजनाचं काम उरतं. ते कसं करायचं, ते इथे क्रमाने पाहू.

आधी दोन दाखले

नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्याच महिन्यात मेलबर्न ऑलिंपिक सुरू झालं आणि भारताचा फुटबॉल संघ तिथे चौथा आला. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. ‘मैदान’ चित्रपटामुळे हे नाव नव्या पिढीलाही ठाऊक झालं आहे. त्या संघात सिकंदराबादचा तुलसीदास बलराम होता, वय वर्षं वीस. त्याच्यातले गुण रहीम यांनीच हेरले होते. 1962 साली जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा बलराम आघाडीच्या फळीतला महत्त्वाचा खेळाडू होता. रहीम यांनी तो पूर्ण पिकेपर्यंत वाट पाहिली असती, तर 1962 चा बलराम त्यांना मिळाला असता का?

दुसरा दाखला अलीकडचा आणि महाराष्ट्रातला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. विश्वचषक संपल्यावर ही पोरं विखुरली जाऊ नयेत म्हणून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ‘इंडियन ॲरोज’ हा तरुणांचा संघ थेट आय-लीगमध्ये, मोठ्या माणसांसमोर उतरवला. पहिल्याच सामन्यात त्यांनी चेन्नई सिटीला 3-0 असं हरवलं, त्यातले दोन गोल अनिकेतचे. पुढे मात्र संघ हरत गेला आणि गुणतक्त्यात तळाला राहिला. तरीही त्याच संघातले अन्वर अली, सुरेश सिंग वांगजाम, रहीम अली पुढे भारताच्या मुख्य संघात पोचले.

या प्रयोगातली एक बाब आपल्या फार कामाची आहे. ॲरोजला खालच्या श्रेणीत ढकललं जाण्याची भीती नव्हती, कारण स्पर्धेच्या नियमानेच त्यांना तशी सूट दिली होती. म्हणजे पोरांना खेळवायचं तर प्रशिक्षकाचं मन मोठं असून भागत नाही. त्याला हरणं परवडेल अशी व्यवस्थाही लागते. आयोजकांनी हे लक्षात ठेवावं, त्याबद्दल पुढे येईलच.

सीझनच्या आधी मिनिटांचा हिशोब

पहिलं काम वहीचं. साठ मिनिटांचा सामना धरला, तर अकरा खेळाडूंची मिळून 660 मिनिटं होतात. सीझनमध्ये दहा सामने मिळाले तर 6,600. अठरा जणांत समान वाटली तर प्रत्येकाला साधारण 367. समान वाटप करा असं कोणी म्हणत नाही. पण एक तळरेषा ठरवा: संघात घेतलेल्या प्रत्येक पोराला एकूण वेळेचा चौथा हिस्सा, म्हणजे 600 पैकी निदान 150 मिनिटं मिळालीच पाहिजेत. तेवढी देता येणार नसतील तर अठराऐवजी पंधराच जण घ्या आणि उरलेल्यांचा दुसरा संघ करा. बाकावर बसवून ठेवण्यापेक्षा ‘ब’ संघातून पूर्ण वेळ खेळवलेलं बरं.

वहीत प्रत्येक सामन्याला चार रकाने पुरतात: नाव, जागा, किती मिनिटं, सुरुवातीपासून की बदली म्हणून. स्टॉपवॉच घेऊन हे लिहिण्याचं काम दुखापतग्रस्त खेळाडूला द्या, त्याचंही खेळाकडे लक्ष राहतं. दर तीन सामन्यांनी बेरीज करा. “मी सगळ्यांना खेळवतो” असं मानणाऱ्या प्रशिक्षकालाही या बेरजेत दोन-चार नावांपुढे शून्य दिसतं.

ही तळरेषा पालकांना आणि पोरांना पहिल्याच बैठकीत सांगा. ती मिळवायची अटही सांगा: सरावाला हजेरी, वेळ, वागणूक. “गोल कोण करतो” ही अट ठेवू नका.

एक-एक पायरी

मोठ्यांच्या संघात पोराला घेताना थेट पहिल्या अकरात टाकणं जसं घाईचं, तसं वर्षभर शेवटची दोन मिनिटं देत राहणंही निरुपयोगी. पायऱ्या अशा ठेवता येतील:

1. आधी तीन-चार आठवडे मोठ्यांबरोबर फक्त सराव. वेग आणि धक्के अंगवळणी पडू द्या.
2. मग शेवटची वीस मिनिटं. संघ 4-0 ने पुढे असतानाच नको, सामना बरोबरीत असतानाही.
3. मग एक पूर्ण हाफ. शक्यतो पहिला, कारण तेव्हा सगळे ताजे असतात आणि खरा कस लागतो.
4. मग सलग दोन सामने सुरुवातीपासून. दुसऱ्याची खात्री पहिल्याच्या आधी द्या. एकाच संधीवर भवितव्य टांगलं की पोरगा जपून खेळतो, आणि जपून खेळणाऱ्याचं खरं कसब दिसत नाही.

घाई नको याला मोठा पुरावा आहे. लिओनेल मेस्सी बार्सिलोनाकडून पहिला अधिकृत सामना खेळला 16 ऑक्टोबर 2004 रोजी, एस्पान्योलविरुद्ध. तो मैदानात आला 82 व्या मिनिटाला. मुख्य संघासाठी त्याचा पहिला लीग गोल झाला 1 मे 2005 रोजी, तोही शेवटची काही मिनिटं बदली म्हणून आल्यावर. मेस्सीसारख्याला साडेसहा महिने दिले गेले. आपण दोन सामन्यांत निकाल लावतो.

कुठे आणि कोणाशेजारी

नवख्याला पहिल्यांदा बाजूच्या जागेवर खेळवा, विंगवर किंवा फुलबॅकला. तिथे एका बाजूला साइडलाइन असते, त्यामुळे चारी दिशांनी दबाव येत नाही आणि चुकीची किंमतही कमी पडते. मधल्या डिफेन्सची जागा आणि गोलकीपरची जागा उशिरा द्या, कारण तिथली चूक थेट गोलात जाते. गोलकीपरचा प्रश्न वेगळा आहे. तो कधीच ‘शेवटची वीस मिनिटं’ आत येत नाही. म्हणून दोन गोलकीपर असतील तर मित्रत्वाच्या सामन्यांत हाफ वाटून द्या आणि लीगमध्ये दुसऱ्याचे सामने आधीच ठरवून टाका.

शेजारी कोण आहे याला फार महत्त्व आहे. आपल्या गावाकडे पोहायला शिकवताना कमरेला भोपळा बांधूनच पोराला विहिरीत सोडतात. मैदानात तो भोपळा म्हणजे शेजारचा सिनिअर. सतरा वर्षांच्या राइट बॅकच्या आतल्या बाजूला बोलका, शांत डोक्याचा सेंटर बॅक ठेवा. सामन्याआधी त्या सिनिअरला बाजूला घेऊन सांगा: “आज याला सांभाळायचं काम तुझं. चुकला तर पुढचा बॉल त्यालाच दे.” एकाच वेळी चार नवखे उतरवले तर ते एकमेकांकडे पाहत राहतात. अकरात दोन, फार तर तीन. ॲरोजच्या पोरांना मिनिटं भरपूर मिळाली, पण शेजारी हाताला धरणारा अनुभवी खेळाडू नव्हता. क्लबच्या संघात आपल्याला ती सोय आहे.

चूक झाल्यावर

पोराच्या पायातून बॉल निसटला, गोल झाला आणि दुसऱ्या मिनिटाला त्याला बाहेर बोलावलं, हे आपल्याकडे सर्रास घडतं. त्यातून तो एकच गोष्ट शिकतो: बॉल मागायचा नाही. बॉल मागितला नाही तर चूक होत नाही. म्हणून नियम करा की चुकीनंतरची दहा मिनिटं तरी तो मैदानातच राहील. त्या दहा मिनिटांत तो कसा सावरतो, हीच त्या दिवसाची खरी परीक्षा. अपवाद दोन: दुखापत आणि लाल कार्डाची भीती.

सामन्यानंतर लगेच, सगळ्यांसमोर हजेरी घेऊ नका. दुसऱ्या दिवशी सरावाला दोन प्रश्न विचारा: “त्या वेळी तुला काय दिसलं?” आणि “परत तीच वेळ आली तर काय करशील?” उत्तर त्याच्याकडून येऊ द्या. पुढच्या सामन्यासाठी एकच काम द्या, जसं की बॉल येण्याआधी खांद्यावरून मागे बघणं. पाच कामं दिली की एकही होत नाही.

जन्मतारीख आणि अंगकाठी

शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट असतात. एकाच गटातला जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जन्मलेला पोरगा यांत जवळजवळ एक वर्षाचं अंतर असतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी हे अंतर उंचीत, वेगात, धडकेत स्पष्ट दिसतं. प्रशिक्षकाला वाटतं जानेवारीवाला ‘टॅलेंट’ आहे. वास्तविक तो काही महिन्यांनी मोठा आहे, एवढंच. संघ निवडल्यावर नावांसमोर जन्ममहिने लिहून पाहा. सगळे पहिल्या सहामाहीतले निघाले तर निवड पुन्हा तपासा. उशिरा वाढणारी पोरं अंगाने कमी असल्यामुळे अनेकदा डोकं वापरून खेळायला शिकतात. ती टिकली तर अठराव्या वर्षी पुढे जातात.

वय लपवण्याचा मोह मात्र कठोरपणे टाळा. एक मोठा पोरगा खोट्या दाखल्यावर खेळला की एका खऱ्या लहान पोराची मिनिटं चोरीला जातात.

अंगावरचा भार

मिनिटं द्यायची, पण सगळी एकालाच नाहीत. गावात एखादा चमकला की तो शाळेकडून, क्लबकडून, गल्लीच्या संघाकडून आणि रविवारच्या टर्फवर, सगळीकडे खेळतो. बार्सिलोनाच्या पेद्रीने 2020-21 च्या हंगामात क्लब आणि देश मिळून सत्तरच्या वर सामने खेळले, युरो आणि ऑलिंपिक धरून. त्यानंतरचा हंगाम त्याचा दुखापतींतच गेला. तिथे डॉक्टर आणि फिजिओंची फौज होती. आपल्याकडे असते बर्फाची पिशवी, तीही कधी कधी.

म्हणून सगळ्या संघांचे मिळून आठवड्याला दोनपेक्षा जास्त पूर्ण सामने नकोत आणि लागोपाठच्या दोन दिवशी तर नकोतच. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखणं ही सामान्य तक्रार आहे. “दमदार बन” म्हणून ती उडवून लावू नका. मिनिटं कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. डोक्याला मार लागून गरगरलं तर त्या दिवशी खेळ बंद.

आपली ग्राउंडं बहुतेक मुरमाची आणि टणक, त्यामुळे लांब स्टडपेक्षा लहान, बारीक स्टडचे टर्फ शूज बरे. ऊन मार्चपासूनच चटकायला लागतं. सामने सकाळी सातला सुरू करा. खेळाच्या नियमांतच उन्हासाठी सोय आहे: पाण्यासाठी जास्तीत जास्त एक मिनिट, आणि उष्णता फार असेल तर शरीर थंड करायला दीड ते तीन मिनिटांची विश्रांती. स्पर्धेच्या नियमावलीत हे लिहून ठेवा आणि रेफ्रीला आधी सांगा.

दहावी-बारावीची दरी

लातूर पॅटर्नच्या भूमीत हा विषय टाळून चालणार नाही. पंधरा ते अठरा या वयात पोराला मोठ्यांच्या सामन्याची सर्वांत जास्त गरज असते, आणि नेमका तेव्हाच तो क्लासमध्ये असतो. लातूरच्या ट्युशन एरियात आणि नांदेडच्या क्लासेसमध्ये मराठवाडाभरातून आलेली पोरं आहेत. त्यातली कितीतरी आठवी-नववीपर्यंत मैदानावर होती. क्लासशी भांडण करून काही होणार नाही. ‘कमी सराव, पण सामना नक्की’ हे सूत्र वापरा. अकरावी-बारावीच्या पोराला आठवड्यात एक सराव आणि रविवारी सकाळी एक सामना, तोही नऊच्या आत संपणारा. पाच सराव करून बाकावर बसण्यापेक्षा एक सराव करून चाळीस मिनिटं खेळणं त्याच्या खेळासाठी जास्त मोलाचं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा असते, त्या काळात त्याला यादीतून सन्मानाने मोकळं करा आणि परत येण्याची तारीख ठरवा. खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या गुणांची माहिती पालकांना वेळेत द्या.

बारावीनंतर दार पुन्हा उघडतं. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पंचविशीपर्यंतचे खेळाडू असतात. म्हणजे पहिल्या वर्षाच्या अठरा वर्षांच्या पोरासाठी तो खरा मोठ्यांचा सामना. महाविद्यालयांच्या क्रीडा संचालकांनी दरवर्षी प्रथम वर्षाच्या निदान दोघांना सुरुवातीपासून खेळवायचं ठरवलं, तर तिसऱ्या वर्षी त्यांच्याकडे तयार संघ असेल.

आयोजकांच्या हातात सर्वांत जास्त आहे

कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल असे तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर लीग खेळतात. एक हार झाली म्हणून सीझन संपत नाही, त्यामुळे नव्या पोराला आजमावायला वाव राहतो. नांदेड-लातूरलाही मोठा खर्च न करता हे जमेल. सहा संघ, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे प्रत्येक संघाला दहा सामने. शालेय स्पर्धा आटोपल्यावर नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ हवामानालाही बरा.

नियमावलीत पुढच्या गोष्टी घाला:

- प्रत्येक संघाच्या पहिल्या अकरात 19 वर्षांखालील किमान दोन खेळाडू, आणि त्यांना निदान एक हाफ.
- तरुणांच्या आणि स्थानिक पातळीच्या सामन्यांत, संघटनेची परवानगी असेल तर, बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. खेळाचे नियम याला मुभा देतात. ती मुभा घ्या.
- बाद पद्धतच घ्यायची असेल तर पहिल्या फेरीत हरलेल्या संघांसाठी वेगळा गट. म्हणजे प्रत्येकाला निदान दोन सामने.
- रोख बक्षिसाच्या खुल्या स्पर्धेत बाहेरगावचे खेळाडू किती, याला मर्यादा. बाहेरून पाच आणले की गावातले पाच बाकावर जातात.

नांदेडला गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाने होणाऱ्या अखिल भारतीय हॉकी स्पर्धेला लोक गर्दी करतात. म्हणजे आपल्या शहरात खेळ बघणारा माणूस आहे. फुटबॉलच्या अंतिम सामन्याआधी त्याच मैदानावर सतरा वर्षांखालच्या मुलांचा आणि मुलींचा चाळीस मिनिटांचा सामना ठेवा. प्रेक्षकांसमोर खेळण्याची सवय अशीच लागते. मुलींसाठी तर हे फारच गरजेचं आहे. सुब्रतो चषकाच्या शालेय स्पर्धेत त्यांचा सतरा वर्षांखालील गट आहे, पण त्याआधी खेळायला सामनेच नसतात. बारा वर्षांपर्यंत मुलामुलींचे एकत्र संघ करायला काहीच हरकत नाही.

पालकांशी दोन शब्द

साइडलाइनवरून सूचना देऊ नका. तुम्ही “मार!” म्हणता, सर “थांब!” म्हणतात आणि पोरगा मध्येच अडकतो. मिनिटं कमी मिळत असतील तर सामन्याच्या दिवशी नव्हे, मधल्या दिवशी सरांना भेटा आणि “का खेळवत नाही” याऐवजी “खेळायला मिळावं म्हणून याने काय सुधारावं” असं विचारा. उत्तर नेमकं मिळालं तर प्रशिक्षक चांगला आहे. वर्षभर नुसतं “बघू” मिळत असेल तर दुसऱ्या क्लबच्या ‘ब’ संघात घाला. मोठ्या नावाच्या बाकापेक्षा लहान नावाचं मैदान कधीही चांगलं.

आणि सरांनो, सगळी नियमावली, लीग, बैठका जमायला वेळ लागेल. पहिलं पाऊल मात्र कोणाच्या परवानगीवाचून टाकता येतं. येत्या रविवारच्या सामन्यासाठी बाकावरची दोन नावं निवडा, त्यांना पहिल्या अकरात घ्या, आणि हे त्यांना शुक्रवारीच सांगा, म्हणजे दोन रात्री त्यांच्या डोक्यात तोच सामना चालू राहील.